गच्चीवरची यागी

दूरदर्शनच्या काळात गच्चीगच्चीवर माशाच्या काट्यासारखा जो अँटेना दिसायचा, तोच हा यागी. खरं तर यागी-उदा. 1926 साली जपानमध्ये मुख्य काम केलं ते उदांनी, नाव झालं यागी सरांचं. प्रोजेक्टवाल्यांना जास्त सांगायला नको!

मी तीन दांड्यांची यागी केली, दोन मीटरच्या हॅम बँडसाठी (144 ते 146 मेगाहर्ट्झ). 300 ला 145 ने भागा, तरंगलांबी 2.07 मीटर. तिच्या निम्मा, म्हणजे 103 सें.मी.चा मागचा रिफ्लेक्टर. मधला डायपोल 5 टक्के कमी, 98. तो मधोमध कापून एका भागाला केबलची आतली तार, दुसऱ्याला जाळी. पुढचा डायरेक्टर 93. दांड्यांमध्ये 41-41 सें.मी. अंतर. आडवा दांडा पीव्हीसीचा घ्या, धातूचा घेतला तर मापं बदलतात.

मी घोळ घातला डायपोलमध्ये. 5 टक्के दोनदा वजा करून तोही 93 ला कापला! लायसन्सवाल्या सीनियरने मीटर लावला, तर 145 ला एसडब्ल्यूआर 3 च्या वर. रेझोनन्स 150 च्या पुढे पळालेला. कापलेली नळी वाढवणार कशी? शेवटी दोन्ही टोकांत बारीक नळ्या घट्ट बसवल्या आणि थोड्या थोड्या बाहेर ओढत 1.4 वर आणलं. तेव्हापासून मी आधी दोन सें.मी. जास्तच ठेवतो.

लायसन्स नसताना ट्रान्समिट करायचं नाही, हे आलंच. सीनियरच्या सेटवर 145.800 लावून डायरेक्टरचं टोक आकाशात फिरवत राहिलो. अवकाश स्थानक डोक्यावरून जाताना खरखरीतून एक आवाज स्पष्ट आला, आणि दहा मिनिटांत क्षितिजाखाली गेला.