जुनी फियाट, नवं पेट्रोल आणि आपण

मित्रांनो, बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजांच्या ऑटोमोबाइल लॅबमध्ये एका कोपऱ्यात कापलेलं इंजिन ठेवलेलं असतं. प्रॅक्टिकलला आपण त्याभोवती गोल करून उभे राहतो, जर्नलमध्ये आकृती काढतो, ओरलपुरती नावं पाठ करतो आणि सबमिशन झालं की विसरून जातो. कितीतरी ठिकाणी ते इंजिन फियाटचं, म्हणजेच प्रीमियर पद्मिनीचं असतं. लॅबमध्ये जे मेलेलं आहे तेच इंजिन आजही चालू ठेवणारी, त्यासाठी एकत्र येणारी हौशी माणसं मुंबई-पुण्याकडे आहेत. ती हे कसं जमवतात आणि त्यातून आपल्याला काय शिकता येईल, हे सांगण्यासाठी हा लेख. कॉम्प्युटर आणि सिव्हिलच्या मित्रांनीही वाचायला हरकत नाही, गणित बारावीच्या पुढचं नाही.

गाडीची कुंडली

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. सांगलीचं वालचंद कॉलेज त्यांच्याच नावाचं. कंपनीचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. १९५० च्या दशकात तिथे इटलीच्या फियाट कंपनीच्या ११०० मॉडेलच्या गाड्या बनू लागल्या. त्यातल्या गोलमटोल नाकाच्या गाडीला लोक प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणत. १९६४ पासून चौकोनी अंगाची ११०० डिलाइट आली आणि १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. २००१ च्या सुमारास उत्पादन थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला तिथे २० वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही काळी-पिवळी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत.

आता इंजिनाकडे येऊ. बोअर ६८ मि.मी., स्ट्रोक ७५ मि.मी., सिलिंडर चार. ६.८ चा वर्ग गुणिले ०.७८५४ गुणिले ७.५ गुणिले ४ करा, उत्तर १०८९ सी.सी. येतं. ब्लॉक बीडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, व्हॉल्व्ह वर. पेट्रोल कार्बोरेटरमधून येतं आणि ठिणगी पॉइंटमधून. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. सेन्सर एकही नाही. त्यामुळे या गाडीत जे काही बिघडतं ते डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं किंवा नाकाला कळतं. शिकणाऱ्यासाठी याहून चांगली गाडी नाही.

क्लब म्हणजे नुसती मिरवणूक नव्हे

मुंबईत ‘व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’ ही जुनी संस्था आहे. तिच्या रॅलीचे फोटो आपण पेपरात बघतो आणि वाटतं, श्रीमंतांची हौस आहे झालं. रॅली हा या कामाचा दिसणारा भाग. न दिसणारा भाग कळायला आपल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची आठवण करा. दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा विकायला आलेला असो की नुसता दाखवायला, जाणकार माणूस आधी दात बघतो, मग खूर, मग चाल. शेजारी उभं असलेलं पोर ते ऐकतं आणि पुढच्या वर्षी स्वतः दात बघतं. ज्ञान असं हातोहात पुढे जातं.

गाडीवाल्यांच्या भेटीत नेमकं हेच चालतं. बॉनेट उघडं, चहाचा कप हातात आणि चार डोकी आत वाकलेली. कुणी आवाज ऐकून सांगतो, टॅपेट वाजतोय. कुणी सायलेन्सरच्या तोंडातली काजळी बोटाने बघून म्हणतो, मिक्श्चर जास्त आहे. कुणी दाराखाली चुंबक लावून पत्रा किती आणि पुट्टी किती ते ओळखतो.

दुसरं काम सुट्या भागांचं. कारखाना बंद झाला की डीलरकडे पार्ट मिळत नाही. मग कुर्ल्याच्या जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारात शोधावं लागतं. गंमत बघा, गाडी जन्मली कुर्ल्यात आणि तिचे अवयव मिळतात तेही कुर्ल्यात! तिथेही नाही मिळालं तर करून घ्यावं लागतं. दाराचं एक रबर बीडिंग कुणी बनवून देणार नाही, कारण डायचाच खर्च निघत नाही. पण पन्नास मालकांनी मिळून मागणी दिली तर छोटा कारखानदार नमुना बघून तयार करतो. डायचा खर्च पन्नासांत वाटला जातो. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पुस्तकातलं ‘फिक्स्ड कॉस्ट’ प्रकरण ते हेच.

आता प्रत्यक्ष देखभालीचे चार धडे पाहू. चारही धड्यांत मिस्त्री सांगतो ते आणि पुस्तक सांगतं ते शेजारी ठेवून बघा.

धडा पहिला : पॉइंट

चार सिलिंडरच्या फोर स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत चार ठिणग्या लागतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर मिनिटाला ६००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला १००. पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात आणि मिटतात. एका ठिणगीसाठी १० मिलिसेकंद मिळतात, त्यातला काही भागच पॉइंट मिटलेले असतात आणि तेवढ्यात कॉइल भरून घ्यायची असते. गॅप जास्त ठेवला तर मिटलेला वेळ कमी होतो, कॉइल अर्धवट भरते आणि गाडी वेगात फसकते. गॅप कमी ठेवला तर पॉइंट जळतात. म्हणून अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरचा हा गॅप फीलर गेजने मोजून ठेवायचा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. मिस्त्री पोस्टकार्डाचा तुकडा घालून गॅप लावायचा, तोही अडाणीपणा नव्हता. त्याचं फीलर गेज कागदाचं होतं, इतकंच.

धडा दुसरा : नवं पेट्रोल

आज जुन्या गाडीवाल्यांच्या बैठकीत सर्वात जास्त चर्चा होते ती याची. २०२५ पासून देशभर पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. उसापासून इथेनॉल होतं, त्यामुळे आपल्या शहाद्याकडच्या ऊसवाल्यांना हा विषय परका नाही. शेतकऱ्याला फायदा आणि परकीय चलनाची बचत, हे खरं. पण १९७४ च्या कार्बोरेटरला हे कुणी विचारलं नव्हतं.

हिशोब करू. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. वीस टक्के मिश्रणाला ही गरज १३.५ किलोच्या आसपास येते. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर ही गोष्ट ओळखतो आणि इंधन वाढवतो. कार्बोरेटरच्या जेटला डोकं नसतं, तो आपल्या भोकातून जेवढं जाईल तेवढंच देतो. परिणाम असा की मिश्रण साधारण ८-९ टक्के पातळ होतं. गाडी थंडीत उशिरा सुरू होते, चढावर ओढत नाही, व्हॉल्व्ह तापतात.

उपाय? जेटच्या भोकाचं क्षेत्रफळ ९ टक्के वाढवायचं, म्हणजे व्यास त्याच्या वर्गमुळाने, सुमारे ४ टक्के. समजा १२० नंबरचा, म्हणजे १.२० मि.मी. भोकाचा जेट असेल तर १२५ चा घालून बघायचा. ही सुरुवात झाली, शेवट नव्हे. गाडी घाटात चालवून प्लग काढून रंग बघायचा. पांढरा असेल तर अजून पातळ, काळा असेल तर जास्त, फिका तपकिरी असेल तर जमलं.

दुसरी काळजी रबराची. जुन्या प्रकारचे पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉलने फुगतात, मऊ होतात आणि एक दिवस इंजिनावर पेट्रोल ठिबकतं. आग लागते ती अशी. इथेनॉलला टिकणारे पाइप घालणं हा खर्च टाळू नये. तिसरी काळजी पाण्याची. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पावसाळाभर गाडी उभी ठेवली आणि टाकीत पाणी बरंच जमलं तर इथेनॉल व पाण्याचा थर तळाशी वेगळा होतो आणि टाकी आतून गंजते. म्हणून गाडी आठवड्यातून एकदा तरी चालवावी, नाहीतर टाकी रिकामी करून ठेवावी.

धडा तिसरा : उन्हाळा

मे महिन्यात नंदुरबारच्या दुपारी पारा ४० च्या वर असतो. पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटून असतो. गाडी थांबवली की पंखा थांबतो, इंजिनाची उष्णता वर येते, पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ पंपाला ढकलता येत नाही. गाडी परत सुरूच होत नाही. आपण ज्याला व्हेपर लॉक म्हणून पाठ केलं ते हेच. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं ठेवून दहा मिनिटं झाडाखाली बसत. बाष्पीभवनाने पंप थंड, वाफेचं पुन्हा द्रव. थर्मोडायनॅमिक्सचा पूर्ण धडा एका फडक्यात!

आणि गाडी गरम होऊ देऊ नका. ॲल्युमिनियम तापल्यावर बीडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बीडाचा, त्यामुळे जास्त तापलं की हेड वाकतं आणि गॅस्केट जातं. फॅन बेल्ट, होज पाइप आणि रेडिएटरचं झाकण, एवढं सकाळी निघताना बघितलं तरी पुरतं.

धडा चौथा : तोरणमाळ उतरताना

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११४३ मीटर उंच. सातपायरीच्या घाटाने शहाद्याकडे येताना आपण साधारण १००० मीटर उतरतो. गाडी आणि माणसं मिळून १२०० किलो धरू. स्थितिज ऊर्जा १२०० गुणिले ९.८१ गुणिले १०००, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख ज्यूल. समजा प्रत्येक ड्रम ५ किलोचा, एकूण २० किलो बीड, त्याची विशिष्ट उष्णता ४६० ज्यूल. सगळी उष्णता ड्रममध्येच राहिली तर तापमान जवळपास १२८० अंशांनी वाढेल. बीड ११५० ते १२०० अंशांना वितळतं! प्रत्यक्षात हवा ड्रम थंड करते, टायर आणि वारा काही ऊर्जा खातात, म्हणून ड्रम वितळत नाहीत. पण ब्रेक फिके पडतात, पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. त्यामुळे ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम मेकॅनिक्सच्या पेपरातही पूर्ण मार्क घेईल. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणं म्हणजे जिवाशी खेळ.

कायदा काय म्हणतो?

जगभरातल्या जुन्या वाहनांच्या क्लबांचा महासंघ (स्थापना १९६६) किमान ३० वर्षांच्या, मूळ रूपात जपलेल्या वाहनाला ऐतिहासिक मानतो. आपल्याकडे केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेलं, धंद्यासाठी नसलेलं, मूळ स्वरूपात राखलेलं दुचाकी वा चारचाकी वाहन व्हिंटेज ठरतं. नवीन नोंदणीला २०,००० रुपये फी, मुदत १० वर्षं, क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल आणि तांत्रिक संशोधन यासाठी ती रस्त्यावर आणता येते. १९७४ ची पहिली पद्मिनी २०२४ मध्ये या वयाला पोहोचली. त्याहून नव्या गाडीला मात्र नेहमीचाच मार्ग, १५ वर्षांनंतर आर.टी.ओ.ची तपासणी आणि दर ५ वर्षांनी नूतनीकरण.

आपण काय करायचं?

गाडी विकत घ्यायची ऐपत आपली नाही, मेसचं बिल भरतानाच नाकी नऊ येतात. पण जे सर्वात लवकर हरवणार आहे ते गोळा करायला पैसे लागत नाहीत. पत्रा ठोकून सरळ करता येतो, रबर नवीन बनवता येतं. कानाने टायमिंग लावणारा मिस्त्री मात्र नवीन बनवता येत नाही. आजची गॅरेजमधली मुलं स्कॅनर लावून कोड वाचतात आणि ते त्यांच्या गाड्यांसाठी बरोबरच आहे. कार्बोरेटर हातात घेतलेली पिढी आता म्हातारी होत चालली आहे. नंदुरबार, नवापूर, तळोदा, शहादा, जिथे आपलं गाव असेल तिथल्या जुन्या फिटरकडे या सुट्टीत वही घेऊन जा. काका, हे असं का करता, एवढं विचारा. त्यांनी सांगितलेला आकडा लिहा, मग फीलर गेजने मोजा, मग पुस्तकात कारण शोधा. तिन्ही जुळले तर उत्तम, नाही जुळले तर फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय मिळाला. वेगवेगळ्या जेटवर इथेनॉल पेट्रोलचं ॲव्हरेज मोजणं किंवा घाट उतरल्यावर ड्रमचं तापमान घेणं, दोन्ही कमी खर्चात होतं.

पाच-सहा जुन्या फियाटी, जीपा किंवा स्कूटरी आणि त्यांचे मालक महिन्यातून एकदा एका ठिकाणी जमले तरी क्लबची सुरुवात झाली. जागा कॉलेजच्या वर्कशॉपची, अनुभव मिस्त्रींचा आणि लिहून ठेवायचं काम आपलं. एवढी वाटणी झाली तर लॅबमधलं ते कापलेलं इंजिन नुसतं आकृतीपुरतं उरणार नाही. तेव्हा मित्रांनो, वही-पेन घ्या आणि हात काळे करायला तयार व्हा!