बूट आतून वाळवा

पाय दाखवायला आलेला कामगार बूट दाराबाहेर काढतो. मी ते आत मागवून घेतो, कारण निम्मे निदान तिथेच होते. सिल्लेवाडा, सावनेरकडच्या भूमिगत कोळसा खाणीत पायाखाली पाणी असते. बुटीबोरीत भट्टीपुढे उभ्या माणसाचे मोजे घामाने भिजतात. बूट वरून पॉलिश केलेला आणि आतून ओला. बेचक्यातल्या चिखल्या त्या ओलीवरच वाढतात.

भिजलेले चामडे एका रात्रीत वाळत नाही. दोन जोड आलटूनपालटून घालायला मिळायलाच हवेत, आणि ही मागणी मी कामगाराकडे नव्हे, व्यवस्थापनाकडे करतो. खाणीत संरक्षक बूट पुरवणे ही कायद्याने त्यांचीच जबाबदारी आहे. कंत्राटी मजुराचे पाय काही वेगळे नसतात.

तोवर एकाच जोडावर भागवायचे असेल, तर पाळी संपताच शिवणीतली धूळ-चिखल ओल्या फडक्याने पुसा. सुखतळा बाहेर काढा, नाड्या सैल करा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने ते बदला आणि बूट पंख्याखाली ठेवा. उन्हात नको. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. त्या उन्हात किंवा चुलीजवळ चामडे भेगाळते, तळ सुटू लागतो आणि पावसाळ्यात त्याच भेगेतून पाणी शिरते. पुढच्या पोलादी टोपीवर जड वस्तू पडली असेल, तर बूट धड दिसला तरी बदलून मागा.

जेवणाच्या सुट्टीत मोजे बदला. घरी पाय धुतल्यावर प्रत्येक बेचके कोरडे करा. त्यासाठी वेगळे फडके ठेवा. चिखल्या झाल्याच तर क्लोट्रिमॅझोलचे मलम दिवसातून दोनदा लावा, आणि खाज थांबल्यावरही दोन आठवडे सोडू नका. दुकानातून कुणी स्टेरॉइड मिसळलेले मलम दिले तर परत करा. त्याने खाज लगेच थांबते, बुरशी मात्र पसरत राहते.

मधुमेह असलेल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. बधिर पायाला खिळा टोचलेला कळत नाही. घालण्यापूर्वी बूट उलटा करून झटका, आपल्याकडे विंचूही निघतो, मग आत हात फिरवून पाहा. रोज रात्री तळवे आरशात पाहा किंवा घरच्यांना दाखवा. फोड, जखम किंवा वर सरकणारी लाली दिसली, तर पुढच्या पाळीला जाऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.