आधी नाव, मग गाणं

कन्नड तालुक्यातल्या आमच्या पिशोरला गाणाऱ्यांचा तोटा नाही. भजनी मंडळं आहेत, भीमगीतांच्या पार्ट्या आहेत, जागरण-गोंधळवाले आहेत. त्यातले बरेच जण माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीत गाणं करून जातात. गाणं करायला एक दुपार पुरते. त्याचा हक्काचा पैसा त्या-त्या माणसापर्यंत पोचवायचं काम मात्र संपत नाही, आणि हळूहळू तेही माझ्याच गळ्यात पडलं. त्यातून कळलेल्या काही गोष्टी.

१. एका गाण्याचे धनी अनेक.
लिहिणारा, चाल लावणारा, गाणारा, वाजवणारा आणि रेकॉर्डिंगला पैसे घालणारा. कायदा शब्द, चाल, सादरीकरण आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे धरतो, म्हणून त्यांचे पैसे गोळा करून देणाऱ्या संस्थांची दारंही वेगळी. गीतकार-संगीतकारांसाठी १९६९ पासूनची आयपीआरएस. गायकांसाठी २०१३ मध्ये नोंदलेली इस्रा, जी आता वादकांनाही घेऊन इसाम्रा झाली आहे. रेकॉर्डिंगच्या मालक कंपन्यांची पीपीएल तर १९४१ ची. आपल्याकडे बहुतेक वेळा एकच माणूस लिहितो, चाल लावतो आणि गातोही. तो आयपीआरएसचा अर्ज भरतो आणि निर्धास्त होतो. गायक म्हणून त्याचं जे येणं आहे, ते दुसऱ्या दारी पडून राहतं.

२. नाममुद्रा श्रोत्याला कळते, यंत्राला नाही.
शेवटच्या कडव्यात कवीने आपलं नाव गुंफायचं ही संतांपासूनची रीत. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) ती भीमगीतांत चालवली. त्यांची गाणी गावोगाव तोंडपाठ झाली आणि नावही सोबत गेलं. पण गाण्याच्या ॲपला कडवं ऐकून कवी ओळखता येत नाही. त्याला आयएसआरसी हा बारा अक्षरांचा कोड लागतो. त्यात देश, कोड घेणारा, वर्ष आणि क्रमांक असतो. तेच गाणं पुन्हा नव्याने गायलं तर नवा कोड घ्यावा लागतो. हा कोड फक्त ध्वनिमुद्रणाचा. शब्द आणि चाल यांची नोंद आयपीआरएसकडे निराळी करावी लागते. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयातली नोंदणी सक्तीची नाही, हक्क गाणं रचलं की जन्मतो. तरी तंटा उभा राहिला तर ते प्रमाणपत्र कामी येतं.

३. वाटे माइक लावण्याआधी ठरवावेत.
गाणं चालेल की नाही हे माहीत नसताना सगळे म्हणतात, "राहू द्या हो भाऊ, घरचंच आहे." लाखभर लोकांनी पाहिलं की तीच माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. मुखडा एकाचा, अंतरे दुसऱ्याचे. ढोलकीवाल्याने ठेका धरता धरता चालीचा एक तुकडाच बदलला, तर तो वादक की संगीतकार? याचं उत्तर कोणत्याही कार्यालयात नसतं, ते त्या खोलीत बसलेल्यांनीच द्यायचं असतं. माझ्या वहीत प्रत्येक गाण्याला एक पान आहे: नावं, कुणी काय केलं, टक्के आणि सह्या.

४. 'पारंपरिक' हा शब्द जपून लिहावा.
तुकोबांचा अभंग सगळ्यांचा. त्याला तुम्ही लावलेली नवी चाल तुमची आणि तुमचं ध्वनिमुद्रणही तुमचं. आमच्या भागातल्या एका मंडळाच्या अभंगावर एका कंपनीने यूट्यूबवर दावा लावला होता. आमच्या रेकॉर्डिंगच्या मूळ फायली दाखवून हरकत घेतली, तेव्हा तो निघाला. याची दुसरी बाजूही आहे. कवी ठाऊक नाही म्हणून गाणं बेवारस होत नाही. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. म्हणजे वामनदादांच्या गाण्यांचा हक्क २०६४ अखेरपर्यंत. गावात कुणालाही विचारलं तर ज्याच्या कवीचं नाव सांगता येईल, ते गाणं 'पारंपरिक' नव्हे.

५. करारात मुदत, मुलूख आणि मोबदला पाहावा.
कॅसेटच्या काळात शाहिराच्या हातावर एकरकमी पैसे ठेवले की विषय मिटायचा. गायकाला रॉयल्टी असावी की नाही यावर साठच्या दशकात लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यातही बिनसलं होतं. लताबाई मागणीवर ठाम होत्या. एकदा मानधन घेतलं की गायकाचा हक्क संपला, असं रफीसाहेबांचं मत. २०१२ च्या कायदादुरुस्तीने गायकाला व्यावसायिक वापरात वाटा दिला. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटाही सुरक्षित केला. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले होते.
हक्क लेखी सहीशिवाय दिला जात नाही. कागदात मुदत नसेल तर पाच वर्षं आणि मुलूख नसेल तर फक्त भारत धरला जातो. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात तो वापरलाच नाही आणि कागदात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर तो परत येतो. म्हणून छापील कागदातले 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द आधी शोधावेत.

६. नावाचं स्पेलिंग एकच ठेवावं.
आधारवर एक, पासबुकात दुसरं, यूट्यूबवर 'शाहीर' लावून तिसरं. संस्थेच्या दृष्टीने ही तीन माणसं. त्यात २०२३ मध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव बदललं, त्यामुळे पत्तेही जुळत नाहीत. आधी हे कागद एकसारखे करून घ्यावेत.

७. वरातीतून पैसा येणार नाही.
"माझं गाणं सगळ्या हळदीत वाजतं, मग पैसे कुठंय?" हा नेहमीचा प्रश्न. धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नाचे समारंभ यांत गाणं वाजवणं हा कायद्याने हक्कभंग नाही. पैसा येतो तो रेडिओ, टीव्ही, हॉटेलं, तिकिटाचे कार्यक्रम आणि ॲप यांतून. आपल्या चॅनलवरच्या जाहिरातींची कमाई हा आणखी निराळा हिशेब. त्यामुळे गावात गाजलेल्या गाण्याचं खातं रिकामं असू शकतं. पहिली रक्कम तर कित्येकदा चहापाण्याचीच असते. आकडा लहान असला तरी खातं चालू राहणं महत्त्वाचं.

८. घरच्यांना सांगून ठेवावं.
गीतकार गेल्यावर त्याच्या वारसांना संस्थेचं सभासद होता येतं. मात्र गाणी कोणती आणि ती कुठे नोंदली आहेत, हे घरात कुणाला तरी माहीत हवं. गाण्यांची यादी, कोड, करारांच्या प्रती आणि सभासद क्रमांक एका फाइलमध्ये ठेवावेत. जुन्या शाहिरांच्या घरी करार बहुधा सापडत नाही, पण कॅसेट सापडते. तिच्या आतला छापील कागद आधी पाहावा. प्रसिद्ध प्रतीवर गीतकार म्हणून ज्याचं नाव छापलं आहे तोच कर्ता, असं कायदा धरून चालतो. उलट सिद्ध करायची जबाबदारी समोरच्यावर. कॅसेट वाजत नसली तरी तो कागद सांभाळून ठेवा, त्याचा फोटो काढा आणि अर्जाला जोडा.