जखम भरून आणणारें प्रथिन

खेळतांना खरचटलेला गुडघा थोड्याच दिवसांत बरा होतो, हें आपण सर्वजण अनुभवानें जाणतों. परंतु तेथें नवी त्वचा येते ती कशी, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. तो येथें थोडक्यांत करूं.

जखम होतांच रक्तांतील बिंबिका तेथें गोळा होऊन रक्त गोठवितात. त्याच वेळीं त्या कांहीं प्रथिनें बाहेर सोडतात. हीं प्रथिनें जणूं दवंडी पिटणारींच होत. त्यांची हांक पोंचतांच आसपासच्या पेशी धांवून येतात, त्यांची संख्या वाढते व जखमेंत नवें मांस भरूं लागतें. बिंबिकांतील द्रव्यानें पेशींची वाढ होते, हें रसेल रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंत १९७४ सालीं दाखविलें. पुढें या प्रथिनाचा मानवी जनुक यीस्टमध्यें घालून तें तयार करण्यांत आलें, आणि डिसेंबर १९९७ मध्यें बेकाप्लर्मिन या नांवानें त्या देशांत त्याच्या मलमास मान्यता मिळाली.

हें मलम मधुमेह्यांच्या पायांवरील व्रणांसाठीं आहे. या रोगांत पायांची संवेदना हळूहळू नष्ट होते. खडा टोंचला तरी कळत नाहीं, व्रण महिनोन् महिने भरत नाहीं, आणि प्रसंगीं पाय कापण्याची वेळ येते. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चाचणींत हें मलम लावलेल्या शंभरांपैकीं ५० रोग्यांचे व्रण २० आठवड्यांत पूर्ण भरले. प्रथिनरहित मलम लावलेल्यांत हें प्रमाण ३५ होतें.

या दोन आंकड्यांत मोठा बोध आहे. प्रथिनानें लाभ झाला, हें खरें. पण त्यावांचूनही ३५ जण बरे झाले, ते केवळ शुश्रूषेनें. दोन्हीं गटांत मृत मांस काढून व्रण स्वच्छ ठेवला होता व पायावर भार पडूं दिला नव्हता. प्रथिन हांक मारतें. परंतु पायांत रक्तच पोंचत नसेल किंवा जखमेंत पू सांचला असेल, तर ती हांक व्यर्थ होय. शिवाय जेथें कर्करोगाची गांठ असेल, तेथें हें मलम लावीत नाहींत. कारण वाढीचा संदेश तेथें घातक ठरण्याचें भय असतें.

म्हणून वाचकांस आमचें एवढेंच सांगणें आहे. घरांत आजोबा किंवा आत्या मधुमेही असतील, तर रोज सायंकाळीं त्यांचे तळपाय उजेडांत पाहावे; लहानशी जखम दिसली तरी डॉक्टरांस दाखवावी. त्यांना जी वेदना कळत नाहीं, ती आपल्या डोळ्यांनीं ओळखणें हाच पहिला उपचार होय.