भोगाचा पायथा, योगाचा माथा

सुट्टीच्या पहाटे आपण नंदी डोंगरावर जातो. फाटकाशी गाड्यांची रांग, वर धुके, सूर्योदयाचे फोटो, गरम इडली आणि ऊन चढायच्या आत परत. डोंगर पाहून झाला, पण भेटला का? आजचा पाठ या प्रश्नाचा आहे.

वाट काय सांगते?

चामराजपेटेपासून सुमारे ६० किलोमीटरवर असलेला हा डोंगर १,४७८ मीटर उंच आहे. पायथ्याच्या नंदी गावात भोगनंदीश्वराचे देऊळ आहे आणि माथ्यावर योगनंदीश्वराचे. परंपरा सांगते की खालचा शिव संसारातला आहे, म्हणून तिथे उत्सव होतात. वरचा शिव विरक्त आहे, म्हणून तिथे थाटमाट नाही. पूर्वजांनी डोंगरालाच पाठ करून ठेवले. भोगाला त्यांनी वाईट म्हटले नाही, फक्त मुक्कामाची जागा वर ठेवली. आपण गाडीने थेट वर पोहोचतो, पण मन पायथ्याशीच राहते.

आपले देणे किती?

नंदीच्या परिसरात अर्कावती नदी उगम पावते. चामराजपेट वसले १८९२ मध्ये. त्याच दशकात शहराला नळाचे पाणी मिळू लागले, तेही याच अर्कावतीवरच्या हेसरघट्टा तलावातून. पुढे १९३३ मध्ये तिच्यावर तिप्पगोंडनहळ्ळीचे धरण झाले. आपल्या पणजोबांच्या पिढीने या डोंगरावर पडलेला पाऊस प्यायला.

मग पात्रे कोरडी पडू लागली. बोअरवेलचा बेसुमार उपसा, निलगिरीची लागवड, ओढ्यांतली अतिक्रमणे ही त्याची कारणे अभ्यासक सांगतात. आज शहर मुख्यतः कावेरीवर जगते. ते पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, जवळजवळ अर्धा किलोमीटर उंच चढवून आणावे लागते. वाणिज्य शाखेत आम्ही पहिल्याच वर्षी शिकतो की मुद्दलच खर्चून टाकले तर व्याज कुठून येणार? वाहते पाणी हे डोंगराचे व्याज. माती, झाडे आणि झरे हे मुद्दल.

कसे चालावे?

१९२७ साली आजारपणानंतर गांधीजी विश्रांतीसाठी नंदीवर राहिले होते आणि १९३६ मध्ये पुन्हा आले. ज्यांना क्षणाची उसंत नव्हती, त्यांनाही डोंगराने थांबवले. तुम्हीही थोडे थांबा.

माथ्यावरच्या दाट झाडीत निलगिरीचे रानकबूतर आढळते. हा मूळचा पश्चिम घाटातला लाजाळू पक्षी. बोलत, गाणी लावत जाणाऱ्याला तो दिसत नाही. मौन हे इथे व्रत नसून पाहण्याचे साधन आहे.

या आठवड्याचा अभ्यास

१. जवळच्या कोणत्याही टेकडीवर जा. पायऱ्यांची वाट खुली असेल तर पायीच चढा.
२. अर्धा तास मौनाने चाला. मोबाइल पिशवीत ठेवा आणि आखलेली वाट सोडू नका.
३. नेलेली प्रत्येक वस्तू परत आणा. माकडांना काही खायला घालू नका.
४. घरी आल्यावर पहिला नळ उघडताना क्षणभर थांबा आणि विचारा: हे पाणी कुठल्या डोंगराचे? त्याला मी काय परत देतो?

चौथा अभ्यास रोज करता येतो. त्यासाठी नंदीला जायलाही नको.