दट्ट्यामागची शिल्लक हवा

पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर तुम्ही पाहिलाच असेल. सिलिंडरातला दट्ट्या खाली येतो तेव्हा एक झडप उघडून बाहेरची हवा आत शिरते. तो वर जातो तेव्हा ती हवा दाबली जाऊन दुसऱ्या झडपेतून टाकीत जाते. आता सांगा, दट्ट्या खाली येताना १०० घन सेंटिमीटर जागा मोकळी होत असेल, तर दर खेपेस १०० घ.सें.मी. हवा आत येते काय? वर्गात हे विचारले की बहुतेक हात ‘होय’साठी वर जातात.

पण दट्ट्या सिलिंडरच्या माथ्याला कधीच टेकत नाही. धातू तापून प्रसरण पावतो, सांधे झिजतात, झडपांनाही जागा लागते. म्हणून वर थोडी फट ठेवावीच लागते. ती ५ घ.सें.मी. धरू. टाकीतला एकूण दाब ८ वातावरणे असेल, तर फटीत त्याच दाबाची हवा अडकून राहते. दट्ट्या खाली येऊ लागला की प्रथम हीच हवा फुगते. बॉइलचा नियम लावा: ५ × ८ = ४० × १. ती ४० घ.सें.मी. होईपर्यंत आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्तच. मग झडप उघडणार कशी? सिलिंडरची एकूण जागा १०५. त्यातून ४० गेले, नवी हवा उरली ६५. म्हणजे आकारमानी कार्यक्षमता ६५ टक्के.

दाब २१ वातावरणे केला तर? ५ × २१ = १०५! दट्ट्या दिवसभर वरखाली होईल आणि नवी हवा मुळीच येणार नाही.

हा हिशोब तापमान स्थिर धरून केला. प्रत्यक्षात हवा झपाट्याने फुगताना थंड होते, त्यामुळे ४० ऐवजी सुमारे २५ घ.सें.मी.च होते आणि कार्यक्षमता ८० टक्क्यांवर जाते. उलट, तापलेल्या सिलिंडरात शिरणारी हवा विरळ होते, थोडी कड्यांतून निसटते. आकडा पुन्हा उतरतो.

शिल्लक हवा दाबण्यात गेलेली ऊर्जा फुकट गेली, असे मात्र समजू नका. येथे पुष्कळांचा घोटाळा होतो. बिनसुईच्या सिरिंजचे टोक बोटाने बंद करून दट्ट्या दाबा आणि सोडा. तो आपोआप मागे येतो. कॉम्प्रेसरातही ती हवा दट्ट्याला तशीच ढकलते. घटते ती हवेची आवक.

म्हणूनच जास्त दाबासाठी काम दोन टप्प्यांत वाटतात. प्रत्येक टप्प्यात दाब २.८३ पट केला की ८ पट होतो. पहिल्या सिलिंडरात ५ × २.८३ म्हणजे सुमारे १४. १०५ मधून १४ गेले, ९१ उरले! अशा कॉम्प्रेसरला एक जाड व एक बारीक सिलिंडर असतो आणि त्यांना जोडणारी, पुष्कळदा धातूच्या पात्या बसवलेली नळी मधल्या वाटेत हवा थंड करते. पुढच्या वेळी ती शोधा, पण हात लावू नका. चांगलीच तापलेली असते.