चिखलदऱ्यात मुक्काम करताय? दरीकाठच्या केबिनचे पैसे भरण्याआधी

पावसाळ्यात नागपूरहून चिखलदऱ्याला जायचा बेत असेल तर जरूर जा. फक्त मुक्काम दरीच्या काठावरच्या ‘लाकडी’ केबिनमध्ये करू नका. गावात पक्क्या छताची साधी खोली घ्या आणि दरी बघायला पायी जा. ऑगस्टमधली एक शनिवारची रात्र आम्ही अशा केबिनमध्ये काढली. ती इथे सविस्तर सांगतो, म्हणजे पुढच्या माणसाचे पैसे आणि झोप दोन्ही वाचतील.

रस्ता सगळ्यांना ठाऊक आहे: नागपूर, अमरावती, परतवाडा, चिखलदरा, साधारण सव्वादोनशे किलोमीटर. शेवटचा घाट उजेडात चढायचा.

बुकिंगच्या फोटोत भिंतभर काच होती आणि काचेपलीकडे हिरवीगार दरी. काच खरोखरच होती. तिच्या बाहेर पांढरंफटक धुकं आणि आतल्या बाजूने ओघळणारं पाणी. गादीवर हात ठेवला तर ओल लागली. उशीच्या अभ्र्यावर बुरशीचे काळे ठिपके. दार फुगलेलं, कडी कोंड्यात बसेना, म्हणून आतून सुतळीने बांधलं. पलंगामागे भिंतीचा एक कोपरा उकलला होता. तिथे बोट घातलं तेव्हा कळलं की लाकूड म्हणजे प्लायवर चिकटवलेला लाकडाच्या छापाचा कागद, त्यामागे गंजलेला लोखंडी अँगल आणि वर साधा पत्रा.

अंधार पडताच वीज गेली. नळही कोरडा पडला. तिथला पोरगा बिचारा बादल्या वाहून आणत होता. म्हणाला, “दादा, लाइन गेली का मोटर बंद, अन् मोटर बंद झाली का पानी बंद.” मग जनरेटर सुरू झाला तो नेमका आमच्या भिंतीला लागून, डिझेलचा धूर थेट खोलीत. शेजारच्या लॉनवर मोठाल्या स्पीकरवर गाणी. ती थांबली तेव्हा पत्र्यावरच्या पावसाने ताबा घेतला आणि पहाटेपर्यंत पांघरुणावर थेंब पडत राहिले. पत्र्याला कुठेच भोक नव्हतं. थंड पत्र्याला आतली दमट हवा लागते, तिचं पाणी होतं आणि ते अंगावर पडतं. पत्र्याखाली उष्णतारोधक थर असता तर हे झालं नसतं. फोनवर तक्रार केली तर व्यवस्थापकाचं उत्तर आलं, “सीझनमध्ये असंच असतं.”

सकाळी केबिनच्या मागे गेलो. स्वयंपाकघराचा पाइप सरळ उतारावर सोडलेला, त्याखाली वरणभाताचा पांढरा ओघळ. थर्माकोलच्या प्लेटा, पाण्याच्या बाटल्या, खर्र्याच्या पन्न्या. वानरं त्यातल्या पिशव्या फाडत होती. खाली मेळघाटचं जंगल, जिथे 1974 पासून व्याघ्रप्रकल्प आहे. ओल्या गादीचा राग घरी येईपर्यंत निवला. हा राग निवलेला नाही.

दरीकाठी असं का होतं, हे समजून घेतलं तर पुढची निवड सोपी जाते. चिखलदऱ्याचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण 1,100 मीटरवर आहे आणि दक्षिणेला वऱ्हाडचं सपाट मैदान त्याच्या सातशेएक मीटर खाली. पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, या कड्याला धडकून वर चढतो, थंड होतो आणि कड्याच्या ओठावरच त्याचा ढग बनतो. म्हणजे फोटोत सगळ्यात देखणी दिसणारी जागा जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात ओली असते. त्यात प्लाय, पत्रा आणि भिंतभर काच, म्हणजे या हवेला सगळ्यात न मानवणारं बांधकाम. हीच केबिन ऑक्टोबरच्या अखेरीस बरी वाटेल. पावसाळ्यात तिचा वाढीव दर देण्यात काही हशील नाही.

पैसे भरण्याआधी थेट फोन करा आणि हे विचारा:

छत स्लॅबचं आहे की पत्र्याचं? पत्र्याचं असेल तर आतून काय लावलंय?

वीज गेल्यावर पाणी कसं मिळतं? टाकी उंचावर असेल तर मोटरवाचून नळ चालतो.

जनरेटर खोलीपासून किती लांब आहे आणि रात्री किती वाजता बंद होतो?

आवारात किंवा शेजारी लॉन आहे का, तिथे स्पीकर लागतात का?

सांडपाणी आणि कचरा कुठे जातो? या प्रश्नावर जो अडखळतो, त्याच्याकडे राहू नका.

शेवटी, खोलीचा आजचा व्हिडिओ मागवा. गादी, संडास आणि खोलीची मागची बाजू, तिन्ही दिसायला हवं.

गावात पक्क्या इमारतींतली लॉजेस आहेत, एमटीडीसीचं निवासस्थानही आहे. शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी गेलात तर दर उतरतात आणि घाटातली कोंडीही लागत नाही. सुकी चादर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्या. सप्टेंबर सरताना गेलात तर धुकं विरळ होतं आणि धबधबे अजून वाहते असतात.

रविवारची सकाळ मात्र गाविलगडाने भरून काढली. गावापासून पायी जाता येतं. पहाटे निघालो तेव्हा दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. शार्दूल दरवाज्यापाशी पोहोचलो आणि धुकं फाटलं. कमानीवरचा दोन तोंडांचा गंडभेरुंड ओल्या दगडात लखलखत होता, पंखांवरच्या रेषासुद्धा मोजता येत होत्या. तासभर दुसरं माणूस फिरकलं नाही. गवळ्यांचा गड, मग बहमनी, इमादशाही, शेवटी नागपूरकर भोसले. 15 डिसेंबर 1803 ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने तो घेतला आणि दोनच दिवसांत भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. नागपूरच्या माणसाने एकदा तरी पाहावा असा हा गड आहे. तटावर शेवाळ असतं, गवत कमरेएवढं वाढतं. पायवाट सोडू नका, काठी जवळ ठेवा.

देवी पॉइंट, पंचबोल, भीमकुंड इथे सकाळी आठच्या आत जा. त्यानंतर गाड्यांच्या डिक्क्या उघडतात आणि गाणी सुरू होतात. जंगलाच्या उंबरठ्यावर स्पीकर लावणारा माणूस कितीही गड चढला असला तरी मी त्याला ट्रेकर म्हणणार नाही. गवळ्यांकडची रबडी खा, खवा घ्या, चार पैसे गावात राहू द्या. कचऱ्याची पिशवी मात्र गाडीत टाकून आपल्या घरी आणा, कारण पठारावरचा बराच कचरा शेवटी दरीतच उतरतो.

आणि मुक्कामाबद्दल कुठे लिहाल तेव्हा काचेसमोर उभं राहून काढलेला फोटो टाकू नका. छत, गादी, संडास आणि मागचा उतार, एवढे चार फोटो टाका. नुसत्या दरीच्या फोटोवर खोल्या भरतायत तोवर कुठलाही मालक सांडपाण्याचा खड्डा खणणार नाही. मागच्या उताराचे फोटो पाहून बुकिंगं थांबली, की तो खणेल.